वाट नसलेल्या डोंगरावर

(शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट लावून लिहिलं आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू ते डोंगरबिंगर चढतेस ना, त्यावर बोल वीस मिनिटं. आणि फोटो दाखव, लोकांना फोटो आवडतात." बोलायला मी हो म्हटलं, पण फोटो आणलेले नाहीत. ज्या दिवसाबद्दल मला बोलायचं आहे, त्या दिवशी मी एकही फोटो काढला नव्हता.

आधी ज्यांना मी आठवत नसेन त्यांच्यासाठी. १९९६ची दहावी, मुलींच्या रांगेत तिसरा बाक, खिडकीकडची बाजू. पी.टी.च्या तासाला हमखास पोटात दुखणारी मुलगी. सर समोर बसले आहेत म्हणून आज सांगून टाकते. सर, ते पोट एकदाही दुखत नव्हतं.

त्या खिडकीतून मलंगगड दिसायचा. बदलापूरहून येणाऱ्या मुलींना गाडीतून चंदेरी दिसायचा, म्हसमाळ दिसायचा, आणि पुढे वांगणीकडे गेलं की नवरा-नवरीचे सुळके. उल्हासनगरच्या कॅम्पांतून येणारी मंडळी म्हणायची, आमच्याकडून सगळे डोंगर सारखेच दिसतात. आपण दहा वर्षं त्या डोंगरांकडे पाहत होतो, पण आपल्यातलं कोणी तिथे गेलेलं मला आठवत नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत आपली सहल जायची, फार तर कोंडेश्वर. त्यापलीकडचा डोंगर हा भूगोलाच्या तासाचा विषय होता.

भूगोलाच्या बाईंनी तो फळ्यावर काढलेला मला आठवतो. आडव्या रेघा, एकावर एक. लाव्हाचे थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक वाहिलेला लाव्हा थंड झाला, त्यातला टणक बसाल्ट कड्यासारखा उभा राहिला आणि मधला ठिसूळ थर झिजून उतार झाला. म्हणून सह्याद्री पायऱ्यांसारखा दिसतो. बाई, तेव्हा मी हे पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. पंचवीस वर्षांनी ते माझ्या पायांना कळलं. कडा, मग घसारा, मग पुन्हा कडा. चढणाऱ्याला नेमकं हेच भेटतं: हाताला धरायला कातळ आहे तिथे पाय ठेवायला जागा नाही, आणि पाय ठेवायला जागा आहे तिथली माती सरकते.

मी संगणक अभियंता झाले, ऐरोलीत नोकरीला लागले. बदलापूर ते ठाणे उभ्याने, ठाण्याहून पुढे पुन्हा गाडी, आणि दिवसभर खुर्ची. छत्तिसाव्या वर्षी पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, चाला. मी कोंडेश्वरापर्यंत चालू लागले. मग टावलीच्या डोंगरावर गेले, मग मलंगगडावर, मग एका गिर्यारोहण मंडळाबरोबर मुंब्र्याच्या कातळावर दोर लावून चढायला शिकले. दोन वर्षांत माझी पाठ बरी झाली आणि डोकं बिघडलं. मला मळलेल्या वाटा पुरेनात.

मळलेली वाट म्हणजे जिथे आधी हजार पावलं पडली आहेत. चंदेरीला तशी वाट आहे. ओढ्याच्या कडेने वर, मग नाळेतून खिंडीत, आणि खिंडीतून गुहेकडे. सोपी नाही, पण वाट आहे. मला हव्या होत्या त्या तिच्या आजूबाजूच्या घळी, जिथे फक्त गुरं जातात, आणि काही ठिकाणी गुरंही जात नाहीत. तिथे वाट म्हणून काही नसतं. कारवीतून वाकून जायचं, कातळ आला की बाजूला काही जमतं का ते बघायचं, नाही जमलं तर मागे यायचं.

जानेवारी २०१९ मध्ये आम्ही सहा जण अशाच एका घळीतून वर गेलो. घळीचं नाव मी मुद्दाम सांगणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. आमच्या पुढे पायथ्याच्या ठाकरवाडीतले एक दादा होते. हातात कोयता, पायात साधी चप्पल. आम्ही सगळे हजारांचे बूट घालून त्यांच्या मागे. पहाटे सहाला निघालो, दुपारी साडेबाराला माथ्यावर पोचलो, अंधार पडताना वाडीत परतलो. घळीत पूर्ण वेळ सावली होती. अर्ध्या वाटेवरच्या कुंडात गार पाणी होतं. कारवी हिरवी होती, धरली की दोरासारखी टिकायची.

मी अभियंता. मी काय केलं? फोनवर सगळी वाट नोंदवली. उपग्रहांच्या मदतीने फोन आपण कुठून कुठे गेलो याची रेघ काढतो, त्याला आम्ही ट्रॅक म्हणतो. घरी येऊन ती रेघ एका ऍपवर टाकली, सगळ्यांसाठी खुली. खाली लिहिलं, 'सुंदर वाट, एकदा तरी करावी.' आणि आपल्या दहावीच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर फोटो टाकले. तुमच्यापैकी पुष्कळांनी अंगठे दाखवले होते. एकीने लिहिलं, "मला ने."

ही एकी म्हणजे तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसणारी. कॅम्प नंबर चारमधून यायची, डब्यात तिच्या शेजारच्या सिंधी काकूंनी दिलेली कोकी आणायची आणि मला अर्धी द्यायची. आता शिक्षिका आहे. ती आज इथे बसली आहे. हे सगळं सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. खरं तर परवानगी नव्हे, तिनेच मला सांगितलं की आता बोल.

शिक्षिकेला मोठी सुट्टी मिळते ती मे महिन्यात. म्हणून आम्ही मे महिन्यात गेलो. महिना ठरवण्यामागे एवढंच कारण होतं, आणि ते किती चुकीचं होतं ते मला आज दिसतं.

आपल्या मनात डोंगर म्हटलं की हिमालय असतो, आणि हिमालयात हिवाळा हा शत्रू. एव्हरेस्टवर माणूस पहिल्यांदा चढला तो २९ मे १९५३ला. हिवाळ्यात तिथे पोचायला आणखी सत्तावीस वर्षं गेली. १७ फेब्रुवारी १९८० रोजी लेशेक चिखी आणि क्शिश्तोफ व्येलित्स्की हे दोन पोलिश गिर्यारोहक वर उभे राहिले. आपल्यातले बरेच जण त्याच वर्षी जन्मले. के-टू शिखर तर १९५४ मध्ये सर झालं आणि हिवाळ्यात थेट जानेवारी २०२१ मध्ये, तेही दहा नेपाळी गिर्यारोहकांनी. तिथे मे महिना म्हणजे चढाईचा हंगाम.

आपल्याकडे उलटं आहे. सह्याद्रीत हिवाळा दयाळू, उन्हाळा कठोर. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी पुस्तकात वाचलं होतं, मंडळात ऐकलं होतं. पण माझ्याकडे ट्रॅक होता. चार महिन्यांपूर्वी मी स्वतः चाललेली रेघ होती. डोंगर तोच, घळ तीच, मी तीच. मग वेगळं काय असणार?

आम्ही चौघं होतो. मी, माझी मैत्रीण, आणि माझ्या ऑफिसातले दोन तरुण. पहाटेची कर्जत लोकल चुकली. पुढच्या गाडीने वांगणीला उतरून, रिक्षा करून वाडीत पोचेपर्यंत सव्वाआठ झाले. हिवाळ्यात आम्ही सहाला निघालो होतो. त्या दिवशीची पहिली चूक ही, आणि ती मला चूक वाटलीच नाही. मी म्हणाले, उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, काही बिघडत नाही.

दादा घरी नव्हते, कामाला बाहेरगावी गेले होते. शेवटच्या घराच्या ओट्यावर एक आजी करवंदं निवडत बसल्या होत्या. आम्ही कुठे चाललो ते त्यांनी विचारलं. मी घळीकडे हात केला. त्या म्हणाल्या, "आत्ता नको जाव, बाय. वरचं पानी आटलंय. ती हिवाल्याची वाट हाय."

मी त्यांना फोन दाखवला. म्हणाले, "आजी, आम्ही जाऊन आलोय. वाट आहे आमच्याकडे." त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. ओंजळभर करवंदं माझ्या मैत्रिणीच्या हातात दिली आणि पुन्हा निवडायला लागल्या.

'हिवाल्याची वाट' म्हणजे काय, ते मला नंतर नीट कळलं. बाई, हे खास तुमच्यासाठी. ती घळ पूर्वेकडून पश्चिमेकडे वर चढते. तिच्या दक्षिणेला डोंगराची एक उंच सोंड आहे. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आपल्याकडे भर दुपारीसुद्धा तो जेमतेम अर्ध्या आभाळात चढतो. म्हणून त्या सोंडेची सावली दिवसभर घळीत पडते. मे महिन्याच्या मध्यावर आपल्या भागात शून्य सावलीचा दिवस असतो. दुपारी साडेबाराच्या जरा पुढे सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीचीही सावली पडत नाही. सोंडेची तरी कुठून पडणार? आम्ही गेलो ते त्याच आठवड्यात. आजींनी हे शून्य सावलीचं गणित केलं नव्हतं. त्यांना ती घळ माहीत होती.

अर्ध्या वाटेवरचं कुंड कोरडं होतं, तळाला पाचोळा. प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी होतं, त्यातलं निम्मं अकरापर्यंत संपलं. वाळलेलं गवत बुटाखाली तेल सांडल्यासारखं घसरत होतं. कारवीची काठी धरली की हातात तुटून येत होती. जानेवारीत दवाने घट्ट बसलेली माती आता पिठासारखी झाली होती, दोन पावलं वर गेलं की एक खाली. आणि कातळ इतका तापला होता की तळहात टेकवत नव्हता. ज्या वाटेवर तीन मुद्रा लक्षात ठेवून चढायचं असतं, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात कायम कातळावर, तिथे हातच टेकत नसेल तर चढणार कसं?

पुढे घळ दोन फाट्यांत विभागते. जानेवारीत दादा कुठल्या फाट्याने गेले ते मला आठवत नव्हतं, कारण मी त्यांच्या टाचांकडे आणि फोनकडे बघत चालले होते. फोनवरची रेघ डाव्या फाट्यात जात होती. आम्ही डावीकडे गेलो. ती डावी वाट नव्हतीच.

याचं कारण माझ्या धंद्यातलं आहे आणि ते मला माहीत असायला हवं होतं. उघड्या मैदानात फोन आपली जागा काही मीटरच्या फरकाने बरोबर सांगतो. पण अरुंद घळीत आभाळाची फक्त पट्टी दिसते, त्यामुळे थोडेच उपग्रह दिसतात. शिवाय उपग्रहाचा संदेश कड्यावर आपटून, वळून येतो. फोनला वाटतं तो सरळच आला. मग वीस-तीस मीटरची चूक सहज होते. रस्त्यावर वीस मीटर म्हणजे पलीकडचा फुटपाथ. घळीत वीस मीटर म्हणजे दुसरी घळ. जानेवारीत नोंदवलेली रेघही चुकीची आणि मे महिन्यात दिसणारा माझा ठिपकाही चुकीचा, अशा दोन चुका मी एकावर एक ठेवल्या होत्या आणि त्यावर तीन माणसं घेऊन चालले होते.

डाव्या फाट्यात पंधरा फुटांचा कातळटप्पा आला. जानेवारीत असा टप्पा नव्हता. मैत्रीण म्हणाली, "अगं, हा तू फोटोत दाखवला नव्हतास." मी म्हणाले, "असेल, लक्षात नसेल." आम्ही चढलो. चढताना पुढचं दिसतं, धरायला खाच सापडते. उतरताना पायाखालचं दिसत नाही. चढता आलेला कातळ उतरता येईलच असं नसतं. मंडळात शिकवलेला हा पहिला धडा.

साडेबाराच्या सुमारास मैत्रीण बोलायची थांबली. मला वाटलं दमली. मग ती म्हणाली, डोकं फार दुखतंय. थोड्या वेळाने तिने विचारलं, "माथा किती लांब आहे?" मी सांगितलं. तिने पुन्हा तेच विचारलं. मग पुन्हा तेच. मी तिचा दंड धरला. तो कोरडा होता, आणि तापलेला. आम्ही तिघं घामाने भिजलो होतो आणि तिला घाम येत नव्हता.

उष्माघात म्हणजे काय ते मी शिकले होते. घाम थांबणं आणि बोलणं असंबद्ध होणं या खुणा मला पाठ होत्या. तरी क्षणभर मी वर पाहिलं. माथा दिसत होता, जास्तीत जास्त पाऊण तास. सगळ्या गोष्टीत मला आजही झोप लागू देत नाही ती ही. मी वर पाहिलं.

मग आम्ही उतरायला लागलो. माझ्या पाठीवर वीस मीटरचा दोर होता. त्या दिवशी सकाळी वजन नको म्हणून मी तो काढून ठेवणार होते, आईने "असू दे ना" म्हटलं म्हणून राहिला. कातळावर वाढलेल्या एका पायरीच्या बुंध्याला दोर घेतला. एकाला आधी खाली सोडलं, मग तिला बांधून दोघांनी हळूहळू उतरवलं. खाली एका कपारीत सावली होती. उरलेलं लिटरभर पाणी प्यायला न ठेवता ओढण्या भिजवून तिच्या मानेवर, काखेत ठेवल्या, घोट घोट पाजलं. दोघांपैकी एक जण वाडीकडे धावला.

चारच्या सुमारास आजींचा नातू आणि आणखी दोघं पाण्याचे कॅन घेऊन आले. सूर्य कड्यामागे गेल्यावर आम्ही तिला आधार देत, शेवटी जवळजवळ उचलून, खाली आणलं. रात्री रुग्णालय, सलाईन, मूत्रपिंडांच्या तपासण्या. दोन दिवसांनी ती घरी गेली. आता ती ठणठणीत आहे, हे तुम्हाला दिसतंच आहे.

त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर तिच्या यजमानांनी मला एकच प्रश्न विचारला. रागावून नाही, अगदी शांतपणे. "किती वाजता परत फिरायचं ठरलं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. किती वाजता निघायचं ते ठरलं होतं. किती वाजता माथ्यावर जेवायचं तेही ठरलं होतं. परत कधी फिरायचं हे ठरलंच नव्हतं.

आपण ज्या वर्षी दहावी झालो, त्या वर्षीचा मे महिना आठवा. परीक्षा संपली होती, निकाल जूनमध्ये यायचा होता. त्या दिवसांत, १० मे १९९६ला, एव्हरेस्टवर वादळात आठ गिर्यारोहक सापडले आणि गेले. त्यात इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या तुकडीतले तिघे आपले होते. त्या दिवसाबद्दल जगभर लिहिलं गेलं, आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. दुपारी दोनच्या सुमारास, जिथे असाल तिथून, परत फिरायचं असा दंडक होता. कित्येक जण त्या वेळेनंतरही वर जात राहिले. त्यांच्यात जगातले उत्तम वाटाडे होते. शिखर समोर दिसत असताना घड्याळाचं ऐकणं किती अवघड आहे, ते मी आठ हजार मीटरवर नाही, वांगणीच्या मागच्या डोंगरावर शिकले.

मी हेही सांगत नाही की हिवाळा म्हणजे बिनधास्त. हिवाळ्यात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, सहानंतर घळीत हात दिसत नाही. सह्याद्रीतल्या कितीतरी अवघड मोहिमा ज्यांच्या नावावर आहेत ते ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर गेले, भर हिवाळ्यात. आणि उन्हाळ्यात नुसतं ऊन नसतं. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या जंगलात वणवा पेटला, त्यात वीसहून जास्त ट्रेकर गेले. सुकलेल्या गवताचा उतार आपल्याकडेही तसाच असतो. प्रत्येक ऋतूचा धोका वेगळा आहे. एका ऋतूचं ज्ञान दुसऱ्या ऋतूत चालत नाही, एवढंच म्हणायचं आहे.

त्या रात्री घरी येऊन मी पहिलं काम केलं ते तो ट्रॅक ऍपवरून काढून टाकला. तोवर काही अनोळखी लोकांनी तो उतरवून घेतला होता. माझी दोन्ही चुकांची रेघ, 'सुंदर वाट, एकदा तरी करावी' या शब्दांसकट. ते कोण होते, कुठल्या महिन्यात गेले, गेले की नाही, मला कधी कळणार नाही. म्हणून आज घळीचं नाव सांगत नाही.

आमच्या कामात नवी आवृत्ती सोडण्यापूर्वी एक प्रश्न विचारतात: बिघडलं तर मागे कसं जायचं? त्याचं उत्तर लिहिलेलं नसेल तर मी माझ्या हाताखालच्या कोणालाही पुढे जाऊ देत नाही. बावीस वर्षं हा नियम मी ऑफिसात पाळला. शनिवार-रविवारी मात्र तो मला लागू नाही, असं मला वाटत होतं.

नंतर मी ग्रुपवर काहीच टाकलं नाही. तुम्ही विचारलंत, "ट्रेक कसा झाला?" मी लिहिलं, "हिची तब्येत जरा बिघडली, अर्ध्यातून आलो." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. सहा वर्षं ते तसंच राहिलं. लोक मला 'आपली गिर्यारोहक' म्हणायचे आणि मी हसायचे.

मी वर्षभर डोंगरावर गेले नाही. मग वाडीत गेले, आजींकडे. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. चहा ठेवला. "ती बाय बरी हाय ना?" एवढंच विचारलं. मग दादा आले. त्यांच्याबरोबर मी त्या डोंगराच्या पायथ्याने वर्षभर निरनिराळ्या महिन्यांत फिरले, वर न जाता. कुठलं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, कुठल्या कड्यावर आग्यामोहोळ कधी असतं, कुठल्या उताराची माती कधी सुटते, हे त्यांच्या तोंडून ऐकलं. माथेरानबद्दल आपण वाचतो की ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५०च्या मे महिन्यात ते 'शोधून काढलं'. मॅलेट वर गेले ते आधीच वापरात असलेल्या डोंगरवाटांनी. ठाकर, कातकरी, धनगर तिथे कधीचेच राहत होते. मीही माझी घळ 'शोधली' होती. दादांच्या मागे चालत.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही पुन्हा गेलो. दादा, मी, मंडळातले दोघं, आणि माझी मैत्रीण. मी तिला विचारलं नव्हतं, तिने सांगितलं की मी येणार. घरी, वाडीत आणि मंडळात तिघांकडे कागद ठेवला: कोण, कुठून, कधी परत. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दुपारी एक वाजता परत.' दोराशिवाय उतरता येणार नाही असा कातळ दोराशिवाय चढायचा नाही, हे ठरवलं. परतीची वेळ सांगायचं काम मैत्रिणीकडे दिलं, माझ्याकडे ठेवलं नाही.

उजव्या फाट्यात एक दरड कोसळली होती, तिला वळसा घालण्यात तास गेला. एक वाजला तेव्हा माथा समोर होता. पाऊण तास, पुन्हा तेवढाच. मी वर पाहिलं, हे कबूल करते. मागून वर्गात बोलतात तशा आवाजात शब्द आले, "एक वाजला." आम्ही तिथेच कातळावर बसलो, तिने डबा उघडला. त्यात कोकी होती. अर्धी मला दिली. आणि आम्ही उतरलो.

म्हणजे हिशेब असा, की माझी मैत्रीण अजून त्या माथ्यावर पोचलेली नाही. रोज गाडीतून तो तिला दिसतो. ती म्हणते, काही घाई नाही.

येत्या जानेवारीत आम्ही पुन्हा जाणार आहोत. तुमच्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी जेवणाच्या वेळी मला भेटा. गुडघे तपासून घ्या, दोन महिने कोंडेश्वरापर्यंत चालायला लागा. पी.टी.चे सर बसले आहेत, पोटात दुखण्याची सबब चालणार नाही. पहिली कर्जत लोकल. ती चुकली तर त्या दिवशी जाणं रद्द. दुपारी एक वाजता, कुठेही असलो तरी, परत.

बाई, तुम्ही फळ्यावर काढलेल्या त्या आडव्या रेघांबद्दल आभार. आणि तिसऱ्या बाकावरच्या माझ्या शेजारणीला, सगळ्यांच्या देखत, सहा वर्षं राहून गेलेला एक शब्द: चुकलं माझं.